यंत्रालाही थंडी वाजते

पौष-माघातील एखाद्या पहाटे आपल्या वसईकडेही पारा बराच खाली उतरतो. पहिल्या मिस्साला येणारी वडीलधारी मंडळी कानांवर मफलर गुंडाळून येतात आणि घरोघरी खोबरेल तेलाची बाटली उन्हात किंवा चुलीच्या उबेला ठेवलेली दिसते. बाटली उपडी केली तरी तेल खाली येत नाही म्हणून कोणी ती आपटीत नाही. ऊन लागले की तेल आपोआप सुटेल, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र हे घरगुती शहाणपण आपण सोयीस्करपणे विसरतो. थंडीच्या सकाळी गिअरचा दांडा ताठरला, पहिल्यातून दुसऱ्यात जाईना, किंवा जाताना खरखर वाजू लागला, की आपला पहिला विचार असतो जोर लावण्याचा आणि दुसरा असतो गॅरेज गाठण्याचा. ह्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. त्याविषयी आज चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले.

त्याला कारणही तसेच आहे. आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतील मुले-मुली थंड देशांत संसार थाटून आहेत. अमेरिका व कॅनडा येथे बहुतेक गाड्या स्वतःच गिअर बदलणाऱ्या असल्या, तरी युरोपात हाताने गिअर टाकण्याच्या गाड्या अद्याप पुष्कळ चालतात. जुनी गाडी स्वस्तात घेऊन पहिला हिवाळा काढणाऱ्या तरुणाच्या पदरी बहुधा अशीच गाडी येते. गिअर अडू लागला की बिचारा घाबरतो, कारण परमुलखात गॅरेजचे बिल हे घरभाड्याइतकेच धसका देणारे असते. आम्हांला ह्या प्रश्नाशी तीन हिवाळे झुंजावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१० च्या शरद ऋतूपासून २०१३ च्या वसंतापर्यंत दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया प्रांतात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी सेवा करण्याचा योग आम्हांला आला. त्या भागात धर्मगुरूंची संख्या घटल्यामुळे शेजारची काही धर्मग्रामे एकत्र बांधून ती एकाच धर्मगुरूकडे सोपविण्याची पद्धत आहे. आमच्या वाट्याला तीन गावे आली होती. तीन चर्चे, दोन वृद्धाश्रम आणि डोंगरउतारावर विखुरलेली शेतघरे, असा तो पसारा होता. एका टोकाच्या गावापासून दुसऱ्या टोकाचे गाव १४ किलोमीटरवर होते आणि मधला रस्ता सारा चढ-उतारांचा. तेथे मोटारगाडी ही चैन नव्हती. ती आमची पायातली वहाण होती. आमच्या आधीच्या वयोवृद्ध धर्मगुरूंनी वापरलेली, पाच गिअरांची एक लहानशी गाडी आमच्याकडे चालत आली. तिच्या नावागावाला येथे महत्त्व नाही.

तेथील थंडीची कल्पना आपल्याकडे बसून येणे कठीण आहे. त्याच बव्हेरियात, बेर्खटेसगाडेनच्या पहाडात, फुंटेनझे नावाचे एक तळे आहे. भोवतालच्या कड्यांमुळे थंड हवा तेथे खोलगट परातीत साठावी तशी साठून राहते. २४ डिसेंबर २००१ रोजी तेथे उणे ४५.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आमची गावे अर्थातच इतकी कठोर नव्हती. परंतु उणे १० अंशांची रात्र ही जानेवारीतील नित्याची बाब होती, आणि पारा त्याच्याही खाली जाई.

अशा रात्रीनंतर सकाळी गाडी सुरू करताना जे घडे ते असे. क्लच दाबून इंजिन सुरू होई. गिअर न्यूट्रलमध्ये असताना क्लच सोडावा, तो इंजिनाचा आवाज एकदम खाली बसे, जणू गाडीच्या पाठीवर कोणी गोणी टाकली. पहिला गिअर कसाबसा पडे. दुसऱ्याकडे दांडा नेला की तो मध्येच एखाद्या अदृश्य भिंतीला टेकून उभा राही. जोर केला तर खरखर, न केला तर गाडीचा वेग मरून ती रस्त्यातच रेंगाळे. पाच-सात किलोमीटर गेल्यावर दांडा हळूहळू नरम येई आणि मग दिवसभर तक्रार नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कथा.

शहरातील एका गॅरेजात गाडी दाखविली. तेथील गृहस्थाने अंगणात थंड गाडीचा दांडा दोन-तीनदा हलवून पाहिला आणि निदान सांगितले : गिअरबॉक्सच्या आतील सिंक्रोच्या कड्या झिजल्या आहेत, सारा डबा उतरवून उघडावा लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या त्या वेळच्या किमतीहून अधिक होता. हा पैसा आमच्या खिशातून जाणार नव्हता. तेथे चर्चच्या मालमत्तेचा हिशेब लोकांनी निवडून दिलेले मंडळ पाहते, आणि त्या मंडळाने गेली दोन वर्षे नाताळच्या बाजारात केक आणि मेणबत्त्या विकून घंटाघराच्या गळक्या छपरासाठी थोडी पुंजी जमविली होती. गाडी दुरुस्त केली तर छप्पर आणखी एक हिवाळा गळणार; न करावी, आणि गाडी एखाद्या रात्री डोंगरात बंद पडावी, तर ज्याच्यासाठी निघालो तो रुग्ण वाट पाहत राहणार. दोन्ही गोष्टी मनाला न पटणाऱ्या होत्या.

मंडळाच्या बैठकीआधी आमचे मेस्नर मदतीला धावले. चर्च उघडणे, वेदी सजविणे, घंटा वाजविणे ही कामे पाहणाऱ्यास त्या भागात मेस्नर म्हणतात. आमचे मेस्नर सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांचे उभे आयुष्य डोंगरातील रस्त्यांवर प्रवासी बस चालविण्यात गेलेले. गॅरेजचे निदान ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हेर फारर, गाडी गरम असताना त्या माणसाने ती चालवून पाहिली का?” नव्हती पाहिली. “मग त्याने तुमच्या गाडीचे नव्हे, जानेवारीचे निदान केले आहे,” मेस्नर म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आमच्या शेजारी बसले आणि आम्ही तीस किलोमीटरांचा फेरा मारला. परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हांला प्रत्येक गिअर वर आणि खाली, सावकाश आणि घाईने टाकावयास लावला. एकही अडला नाही, एकही वाजला नाही. झिजलेली कडी गाडी गरम झाल्यावर बरी होत नाही, हा त्यांचा साधा युक्तिवाद होता. बिघाड गरमीतही टिकतो. जे गरमीने जाते ते तेलाचे दुखणे.

हे दुखणे समजून घेण्यासाठी गिअरबॉक्सच्या आत क्षणभर डोकावले पाहिजे. फ्रान्समधील पानार-लव्हासोर ह्या कारखान्याने १८९१ च्या सुमारास जो गिअर मोटारीला बसविला, त्यात खरोखरच एक दातेरी चाक सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवावे लागे. दोन्ही चाकांचा वेग जमला तर ठीक, न जमला तर दात दातांवर आपटत. चालकाला हा वेग कानाने ओळखून जमवावा लागे. पुढे अर्ल थॉम्पसन ह्या अमेरिकन इंजिनिअराने शोधलेली युक्ती कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली आपल्या गाडीत आणली. तिला सिंक्रोमेश म्हणतात. आजच्या गाडीत चाके नेहमीच एकमेकांत गुंतलेली असतात. आपण दांडा हलवितो तेव्हा एक सरकती बाही हव्या त्या चाकाला मधल्या दांडीशी जखडते. ही बाही आणि ते चाक यांच्यामध्ये पितळेची वा तत्सम धातूची एक निमुळती कडी असते. आधी ही कडी चाकाच्या निमुळत्या भागावर घासते, त्या घर्षणाने दोहोंचे वेग समान करते आणि मगच बाहीला आत शिरू देते.

ज्यांनी विरारची गाडी धरण्यात जन्म घालविला त्यांना हे चटकन कळेल. फलाटावर उभे राहून धावती लोकल पकडता येत नाही. चार पावले तिच्या बरोबरीने पळावे लागते, आणि वेग जुळला तरच पाय पायरीवर ठेवता येतो. सिंक्रोची कडी म्हणजे हे पळणे. विशेष असे की, वेग जुळेपर्यंत ती बाहीची वाट अडवून धरते. दांड्याला हाताशी जी भिंत लागते ती हीच. तेव्हा गिअर न जाणे हे यंत्राचे हट्ट करणे नव्हे, ते दात वाचविण्यासाठी दिलेला नकार आहे. त्या नकारावर जोर करणारा माणूस आपल्याच रखवालदाराला धक्काबुक्की करीत असतो.

आता थंडी काय करते ते पाहू. कडीला आपले काम करावयाचे तर तिच्या आणि चाकाच्या मधला तेलाचा थर आधी बाजूला व्हावा लागतो. त्यासाठी कडीच्या आतल्या अंगाला बारीक चऱ्या कोरलेल्या असतात. तेल त्यांतून निसटते आणि धातू धातूला भिडतो. गरम, पातळ तेल क्षणार्धात निसटते. थंडीत तेच तेल काकवीसारखे होते. ते निसटण्यास वेळ लागतो, तोवर कडी नुसती घसरत राहते, वेग जुळत नाही आणि वाट उघडत नाही. शिवाय आतील चाकांनाही ह्या काकवीतून फिरावे लागते. न्यूट्रलमध्ये क्लच सोडताच इंजिन दबते ते त्यामुळेच. वरचा गिअर खाली घेताना तर ह्या अडथळ्याचा विशेष त्रास होतो, कारण त्या वेळी आतील चाकाला वेग वाढवावयाचा असतो आणि घट्ट तेल त्याला मागे ओढीत असते.

इंजिन लवकर तापते, कारण त्याच्या पोटात आग आहे. गिअरबॉक्सच्या पोटात आग नाही. तो तापतो तो आपल्याच चाकांच्या घासण्याने आणि तेल घुसळले जाण्याने, म्हणजे चालण्याने. म्हणून काटा इंजिन गरम झाल्याचे दाखवीत असला तरी गिअरबॉक्स अजून गारच असतो. दारात उभी करून इंजिन चालू ठेवण्याने त्याला फारसा लाभ होत नाही. जर्मनीत तर वाहतूक नियमांच्या ३० व्या कलमाने उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यास मनाईच आहे. तेथील माणूस काच खरवडतो, गाडी सुरू करतो आणि लगेच हलक्या पायाने निघतो. गाडीच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

तेलाचा दर्जा हा ह्या प्रश्नाचा कणा आहे. गिअर ऑइलच्या डब्यावर ८० डब्ल्यू-९० किंवा ७५ डब्ल्यू-९० असे आकडे असतात. मागचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. पुढचा, डब्ल्यू ह्या अक्षरासह येणारा, थंडीतील वर्तन सांगतो. हे अक्षर विंटर, म्हणजे हिवाळा, ह्याचे आद्याक्षर. मोटार इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेने, म्हणजे एसएईने, त्यासाठी एक मर्यादा ठरविली आहे : तेलाचा घट्टपणा १,५०,००० सेंटिपॉइजच्या वर जाता कामा नये. साधे पाणी सुमारे १ सेंटिपॉइज असते, ह्यावरून कल्पना यावी. ८५ डब्ल्यू तेलाने ही मर्यादा उणे १२ अंशांपर्यंत पाळावयाची असते, ८० डब्ल्यूने उणे २६ पर्यंत आणि ७५ डब्ल्यूने उणे ४० पर्यंत. पाण्याच्या दीड लाख पट दाट, ही शेवटची हद्द झाली. दांडा हाताला जड लागणे त्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. म्हणजे मुंबईत वर्षानुवर्षे सुखाने चालणारे तेल बव्हेरियाच्या जानेवारीत सपशेल नापास होऊ शकते, आणि त्यात दोष ना तेलाचा ना गिअरबॉक्सचा.

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ७५ डब्ल्यू-९० तेल सांगितले होते. आत प्रत्यक्षात काय होते ते कोणालाच सांगता येईना, कारण ते कधी बदलल्याची नोंदच नव्हती. मेस्नरांच्या एका भाच्याच्या शेतावर ट्रॅक्टरसाठी खड्डा खणलेला होता. तेथे गाडी नेण्याआधी मेस्नरांनी तिला चांगली वीस किलोमीटर पळविली, कारण गार तेल काढू गेले तर निम्मे आतच चिकटून राहते. खड्ड्यात उतरल्यावर त्यांनी तेल सोडण्याच्या खालच्या बुचाला हातही लावला नाही. प्रथम तेल भरण्याचे वरचे बूच सैल करून पाहिले. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, “हेर फारर, आधी खालचे उघडावे, तेल सारे जमिनीवर यावे, आणि मग वरचे गंजलेले निघावे, मग गाडी घरी कशी न्याल?” चाळीस वर्षांच्या धंद्याचे शहाणपण ते. त्यांच्या ह्या एका वाक्याची आठवण आम्हांला पुढे मोटारीबाहेरच्या कामांतही अनेकदा झाली आहे.

जे तेल बाहेर आले ते काळे आणि जाड होते. खालच्या बुचावर चुंबक असते. त्यावर राखाडी मलमासारखा लेप होता. हा लेप पोलादाच्या सूक्ष्म झिजेचा, आणि इतक्या वर्षांत तेवढा साठायचाच. पोलादाचा कपचा किंवा तुटका दात मात्र नव्हता. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून मेस्नरांनी तेल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात तिरपे करून पाहिले. कड्या खात असत्या तर त्यात सोनेरी चकाकी दाट दिसली असती. ती दिसली नाही. मग जेमतेम दोन लिटर नवे तेल आत गेले. घेताना त्यांनी आणखी एका गोष्टीची खात्री केली : डब्यावर जीएल-४ असे लिहिलेले असावे, कारण पुस्तिकेत तसे होते. जीएल-५ तेल हे मुख्यतः डिफरन्शियलसारख्या जड दाबाच्या गिअरांसाठी असते. त्यातील अधिक तीव्र रसायने काही वेळा पितळेच्या कड्यांना मानवत नाहीत आणि कडीला ज्या घर्षणाची गरज असते तेच कमी करतात. महाग ते अधिक चांगले, हा हिशेब येथे चालत नाही. पुस्तिका सांगते तेच तेल योग्य.

मंडळाच्या बैठकीत गाडीच्या दुरुस्तीचा विषय दोन लिटर तेलाच्या पावतीवर मिटला, आणि घंटाघराच्या छपराचे काम त्याच उन्हाळ्यात झाले.

तेल बदलल्याने जादू झाली असे मात्र नव्हे. पाच-सात किलोमीटरांचा ताठरपणा दोन किलोमीटरांवर आला, इतकेच. उरलेल्या दोन किलोमीटरांसाठी मेस्नरांनी आमच्या हाताला वळण लावले. गाडी सुरू करताना क्लच पुरता दाबलेला असावा, म्हणजे थंडीने अशक्त झालेल्या बॅटरीला इंजिनाबरोबर गिअरबॉक्सची काकवीही घुसळावी लागत नाही. इंजिन लागले की न्यूट्रलमध्ये क्लच हळूहळू सोडावा आणि अर्धा मिनिट आतील चाके फिरू द्यावीत. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा न्यूट्रलपाशी क्षणभर थांबवावा, मग दोन बोटांचा सौम्य पण सलग दाब ठेवून वाट पाहावी. कडीचे काम झाले की दांडा आपण होऊन आत ओढला जातो. खालचा गिअर घेताना डबल क्लच मारावा : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. ह्या मधल्या रेसने आतील चाकाला हवा तो वेग आपणच देतो आणि कडीचा भार हलका होतो. आपल्याकडील ज्या जुन्या ट्रक-बसगाड्यांना सिंक्रो नसे त्यांचे चालक आयुष्यभर हेच करीत आले. घाटात एस.टी.चा चालक दोनदा क्लच मारून मध्ये गुरगुरती रेस देई, तो आवाज आमच्या पिढीच्या कानांत अजून आहे. ती सवय म्हणजे आळस वा ऐट नव्हती. तेव्हा यंत्रात नसलेली कडी तो माणूस आपल्या पायाने पुरवीत होता.

२०१२ च्या जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत युरोपावर थंडीची फार मोठी लाट आली होती. त्या दिवसांतील एका रात्री अडीचच्या सुमारास फोन वाजला. वरच्या वाडीवरील एका वृद्ध शेतकऱ्याची प्रकृती एकाएकी ढासळली होती आणि त्यांची मुलगी रुग्णाभ्यंगासाठी बोलावीत होती. अंतर नऊ किलोमीटर. दाराबाहेरचा पारा उणे १९ दाखवीत होता. गाव संपले की लगेच चढ लागतो आणि त्या चढावर एक तीव्र वळण आहे. तेथे तिसऱ्यातून दुसऱ्यात यावेच लागते. गाडी तोवर दीड किलोमीटरही चाललेली नसते, म्हणजे गिअरबॉक्स अगदी गार. रस्त्यावर दाबलेला बर्फ. दुसरा गिअर पडला नाही तर गाडी चढावर थांबणार, आणि थांबली की मागे घसरणार, हे आम्हांला दिवसाउजेडी कितीदा तरी जाणवले होते. आम्ही वळणाच्या बरेच आधी, सपाटीवरच, तिसरा सोडला. न्यूट्रल, थोडी रेस, पुन्हा क्लच, आणि दांड्यावर दोन बोटे. एक क्षण भिंत लागली. दुसऱ्या क्षणी दांडा आत गेला.

आम्ही पोहोचलो तेव्हा ते गृहस्थ शुद्धीवर होते. विधी झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. जन्मभर ट्रॅक्टर हाकलेला माणूस. खोल गेलेल्या आवाजात त्यांनी विचारले, “हेर फारर, इतक्या थंडीत गाडी वर आली?” आम्ही म्हणालो, “आली. दुसरा थोडा जड गेला.” त्यांनी समजल्यासारखी मान हलविली. पहाटे पाचच्या सुमारास ते गेले. मुलीने आम्हांला कॉफी दिली आणि तिचा भाऊ, आम्ही न सांगताच, बाहेर जाऊन गाडीची काच खरवडून आला.

गिअर जड जाण्यामागे नेहमी तेलच असते असे नाही, म्हणून परीक्षेची रीतही सांगून ठेवतो. इंजिन बंद ठेवून दांडा सर्व गिअरांत हलवून पाहावा. बंद इंजिनावर तो सुखाने फिरतो, पण इंजिन चालू असताना उभ्या गाडीत पहिला वा रिव्हर्स पडत नाही किंवा वाजतो, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. क्लच तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर ते तेल तपासावे. ते हवेतील ओल शोषून घेते आणि ओल शोषलेले तेल थंडीत अधिक घट्ट होते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलण्याची शिफारस असते. इंजिन बंद असतानाही दांडा जागचा हलतच नसेल, तर गिअरच्या केबलच्या आवरणात शिरलेले पाणी गोठले असण्याचा संभव आहे. तेथे ताकद लावल्यास केबल तुटते, गाडी उबेला घेणे हाच उपाय. आणि वीस-तीस किलोमीटर चालूनही एखादा ठराविक गिअर वाजतच असेल किंवा टाकलेला गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र थंडीला बोल लावू नये. तेव्हा गॅरेजची पायरी चढावीच. आणखी एक : कडक थंडीत रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवल्यास तो ओलाव्याने गोठून बसू शकतो, म्हणून तेथील लोक गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करतात. उतारावर चाकाखाली दगड वा ठोकळा लावणे इष्ट.

हे सारे परदेशाचेच आहे असेही कोणी समजू नये. नाशिककडे निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात हिवाळ्यातील काही पहाटे पारा एक आकडी होतो आणि द्राक्षबागांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवितात. त्या पहाटे माल घेऊन निघणारी पिकअप किंवा शेतावरचा ट्रॅक्टर ह्याच दुखण्याने कुरकुरतो, विशेषतः आत जुने, जाड, बरीच वर्षे न बदललेले तेल असेल तर. अंश वेगळे, न्याय तोच. गाडी हाकणारा पोरगा दांड्याला हिसका देतो, मालक ओरडतो, आणि दोघेही दहा मिनिटांनी हे विसरतात, कारण तोवर तेल सुटलेले असते. त्या दहा मिनिटांतील हिसके मात्र कडी विसरत नाही. ते साठत जातात आणि एक दिवस खरोखरीची झीज होऊन पुढे येतात. मग गॅरेजवाल्याचे जे निदान आमच्या बाबतीत चुकले होते, ते अचूक ठरते.

तेव्हा परदेशी असलेल्या मुलाचा फोन आला आणि तो म्हणाला की, थंडीत गिअर हार्ड पडतोय, गॅरेजवाला डबा उघडायला सांगतोय, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. गाडी गरम झाल्यावरही तसेच होते का? आत कोणते तेल आहे आणि ते कधी बदलले? आणि तू किती घाईत असतोस? पहिल्या दोहोंची उत्तरे तो लगेच देईल किंवा शोधून काढील. तिसऱ्याचे उत्तर द्यायला त्याला थोडा वेळ लागेल. तो लागू द्यावा. आणि सकाळी दहा मिनिटे लवकर निघत जा, एवढे सांगून फोन ठेवावा.